शंभर वर्षांची सीडी

२००२-०३ च्या सुमारास कोऱ्या सीड्या विकत घ्यायला गेलं की वेष्टनावर किंवा जाहिरातीत तिच्या आयुष्याचा आकडा दिसायचा. बहुधा शंभर वर्षे. सोनेरी थराच्या महागड्या सीड्या तर तीनशे वर्षांपर्यंत जायच्या! मला तेव्हा गंमत वाटायची ती अशी, की आपण जिच्यावर लिहू शकतो त्या सीडीचं प्रमाणपुस्तक, ज्याला 'ऑरेंज बुक' म्हणतात, तेच मुळी १९९० सालचं. जी वस्तू जगात येऊन जेमतेम तेरा वर्षं झाली ती शंभर वर्षं टिकते, हे पाहिलं कुणी?

पाहिलं अर्थातच कुणी नव्हतं. तो हिशोब होता. सीड्या गरम, दमट कपाटात ठेवायच्या, त्यांतल्या चुका किती वेगाने वाढतात ते मोजायचं, आणि त्यावरून साध्या खोलीत त्या किती टिकतील याचं गणित मांडायचं. लोणच्याची बरणी आठ दिवस कडक उन्हात ठेवून ते गार कपाटात किती वर्षं टिकेल हे काढण्यासारखं. गणित खोटं नव्हे. अमेरिकेच्या निस्ट या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी कशा सांभाळाव्यात याची एक पुस्तिका काढली. तीतही लिहिलं आहे की ज्या उत्पादकांनी चाचण्या केल्या त्यांच्या मते योग्य परिस्थितीत सीडी-आर १०० ते २०० वर्षं किंवा जास्तही टिकावी. त्याच पुस्तिकेत हेही आहे की काहीही न लिहिलेली कोरी सीडी साधारण ५ ते १० वर्षांतच वापरून टाकावी. हे दुसरं वाक्य कुठल्याही वेष्टनावर मी पाहिलेलं नाही. असो.

खरी मेख 'योग्य परिस्थितीत' या दोन शब्दांत आहे. योग्य म्हणजे थंड, कोरडं, अंधारं. आमच्या कुटुंबाच्या सीड्या डोंबिवलीत मामाच्या घरी माळ्यावर होत्या. पत्र्याखालचा माळा, मे महिना, आणि लगेच मागून जून.

सीडीची रचना समजून घेतली तर हे लक्षात येतं. खाली पॉलिकार्बोनेटची जाड चकती, तिच्यावर रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा चकचकीत थर, आणि सगळ्यात वर लाखेसारखं एक नुसतं आवरण. आपण लिहितो म्हणजे लेसरने त्या रंगद्रव्याला ठिकठिकाणी भाजतो. तुमचा फोटो म्हणजे रंगावर पडलेले डाग. आणि सेंद्रिय रंगाचं उन्हात काय होतं ते दोरीवर साड्या वाळत घालणाऱ्या कुणालाही विचारा! सीडीची खालची बाजू कधी निळी, कधी हिरवट, कधी सोनेरी दिसायची ती याच रंगद्रव्यांमुळे. तीन-चार प्रकार होते आणि सगळे सारखे टिकाऊ नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण सगळे खालची चकचकीत बाजू जपायचो. तिला बोट लागू द्यायचं नाही, ओरखडा पडू द्यायचा नाही. पण नाजूक बाजू वरची. खालून जाड प्लास्टिक आहे, वरून फक्त लाखेचं आवरण. तिथेच घरोघरी बॉलपेनने दाबून 'बारसं', 'माथेरान' वगैरे लिहिलं गेलं, तिथेच गोल कागदी लेबलं चिकटवली गेली. आणखी एक ऐकून ठेवा. मध्य अमेरिकेतल्या बेलिझ या उष्ण देशात एक सीडी खराब झालेली आढळली. २००१ मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञांनी ती तपासली तर आत बुरशी निघाली. तिने कडेने आत शिरून प्लास्टिक आणि धातूचा थर दोन्ही खाल्ले होते. कोकणातल्या मंडळींना याचं फारसं नवल वाटणार नाही.

या उन्हाळ्यात मी त्या माळ्यावरच्या सगळ्या सीड्या उतरवून एकेक वाचायला घेतल्या. एकंदर ६४ निघाल्या, २००१ ते २००९ मधल्या. त्यातल्या ५३ पहिल्याच फटक्यात वाचल्या गेल्या. उरलेल्या अकरांपैकी आठ दुसऱ्या-तिसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून, घासूनपुसून, रात्रभर चालू ठेवून मिळाल्या (एका ड्राइव्हला न वाचता येणारी सीडी दुसऱ्याला वाचता येते, हे लक्षात ठेवा, लगेच फेकू नका). तीन गेल्या त्या गेल्याच. त्यातली एक २००४ मधल्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची. आजी २००६ मध्ये गेली. तिचे त्या आधीचे फोटो अल्बममध्ये आहेत, पण पणतवंडं मांडीवर घेतलेली आजी फक्त त्या सीडीत होती.

त्या सीडीचं पुढे सांगतेच. पण हे काम चालू असल्याचं कळल्यावर नात्यातल्या पाच-सहा जणांनी फोन करून एकच प्रश्न विचारला, "मग आता कुठल्या कंपनीची काय वस्तू घेऊ, की जी टिकेल?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना जी जुनी प्रकरणं वाचनात आली ती इथे सांगाविशी वाटतात. कारण हा प्रश्न आपल्याआधी फार मोठमोठ्या लोकांनी विचारला आहे.

इंग्लंडमध्ये १०८६ साली राजा विल्यमने देशभरातल्या जमिनीची नोंद करवून घेतली. मेंढीच्या कातड्यावर लिहिलेलं ते 'डूम्सडे बुक'. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवं डूम्सडे करायचं ठरवलं. दहा लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला, त्यात हजारो शाळांची मुलं. आपल्या गावाविषयी त्यांनी लिहिलं, फोटो काढले, काय खातो काय खेळतो ते नोंदवलं. हे सगळं दोन मोठ्या लेसर तबकड्यांवर भरलं. त्या काळातलं सर्वात आधुनिक तंत्र! ते वाचायला बीबीसीचा एक ठराविक संगणक आणि फिलिप्सचं एक ठराविक यंत्र लागायचं. किंमत पाच हजार पौंडांच्या आसपास, त्यामुळे ज्या शाळांनी लिहिलं त्यातल्या कितीतरी शाळांना ते विकत घेणं परवडलंच नाही.

पंधरा वर्षं झाली. तबकड्या तशा बऱ्या होत्या, पण ती यंत्रं दुर्मीळ झाली, बिघडली, सुटे भाग मिळेनात. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या लोकांना साध्या संगणकावर त्या जुन्या संगणकाचं सोंग आणणारा प्रोग्राम लिहावा लागला, तेव्हा कुठे आतला विदा दिसला. २०११ मध्ये त्यातला गावोगावचा भाग महाजालावर आला. ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झालं आणि त्याची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जपून ठेवली. आणि १०८६ चं कातड्याचं पुस्तक? ते त्याच अभिलेखागारात, लंडनजवळ क्यू इथे आहे. लॅटिन येत असेल तर आजही वाचता येतं.

हे वाचून "बघा, जुनं ते सोनं" असं म्हणायचा मोह होतो. मला तो निष्कर्ष पटत नाही. आपल्याकडे नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षं दगडात शाबूत आहे. माल वाहणारे बैल आणि माणसं शतकानुशतकं त्याच्या समोरून गेली, पण १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत तो वाचणारं कुणी नव्हतं. दूर कशाला, पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल भरलेले आहेत. कागद उत्तम, शाई काळीभोर. मोडी वाचणारी माणसं शोधावी लागतात. बीबीसीच्या तबकडीचं झालं ते हेच, फक्त पंधरा वर्षांत झालं.

वाचणारं यंत्र कुणी सांभाळलं तर काय होतं याचीही एक गोष्ट आहे, आणि ती माझी सगळ्यात आवडती. १९६६-६७ मध्ये नासाने चंद्राभोवती पाच 'लूनर ऑर्बिटर' याने पाठवली, माणसाला कुठे उतरवायचं त्या जागा पाहण्यासाठी. ही याने चक्क फिल्मवर फोटो काढायची, ती फिल्म यानातच धुतली जायची, आणि मग तो फोटो पट्ट्या-पट्ट्यांनी वाचून रेडिओवरून पृथ्वीवर पाठवला जायचा. इथे तो चुंबकीय फितींवर उतरायचा. काम झालं, माणूस चंद्रावर जाऊन आला, फिती गोदामात पडल्या. १९८० च्या दशकात या फितींचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा नॅन्सी इव्हान्स या नासातल्या बाईंनी त्या टाकू दिल्या नाहीत. इतकंच नाही, तर त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची कपाटाएवढी यंत्रं कुठून कुठून मिळवून आपल्या घरच्या गॅरेजमध्ये ठेवली. वीसेक वर्षं! घरच्यांचं काय म्हणणं होतं देव जाणे.

साधारण २००८ मध्ये डेनिस विंगो आणि कीथ काउइंग या दोघांनी फिती आणि यंत्रं ताब्यात घेतली. नासाच्या एम्स केंद्रात मॅकडॉनल्ड्सचं एक बंद पडलेलं उपाहारगृह होतं, तिथे त्यांनी दुकान मांडलं. तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'मॅकमून्स'. जुन्या यंत्रांची माहिती असलेली माणसं शोधली, चार यंत्रांतून एक चालतं केलं. आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पहिला फोटो बाहेर आला. चंद्राच्या क्षितिजावर अर्धी पृथ्वी, २३ ऑगस्ट १९६६ रोजी टिपलेली. जगाने ४२ वर्षांपूर्वी पाहिला होता त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट.

याच नासाने अपोलो ११ च्या मूळ फितींचं काय केलं तेही ऐका. चंद्रावर पहिलं पाऊल पडतानाचं उत्तम प्रतीचं चित्रण ज्या फितींवर होतं, त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये खुद्द नासालाच जाहीर करावा लागला. फितींची टंचाई होती म्हणे! आज आपण ते चित्रण पाहतो ते दूरचित्रवाणी केंद्रांकडे राहिलेल्या प्रक्षेपणाच्या प्रतींवरून साफ करून घेतलेलं. प्रती मूळच्यापेक्षा निकृष्ट होत्या, पण वेगवेगळ्या ठिकाणी होत्या.

पुण्याच्या लोकांना यापेक्षा जवळचं उदाहरण हवं असेल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं. १९६४ मध्ये ते स्थापन झालं, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, निर्मात्यांच्या वारसांचे उंबरे झिजवून रिळं गोळा केली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ आपण पाहू शकतो ते त्यामुळे (ती १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असंही काही अभ्यासकांचं मत आहे). पहिला बोलपट 'आलमआरा' १९३१ चा, त्याची एकही प्रत हाती नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, म्हणजे जवळजवळ स्फोटकच. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि मोठा ठेवा गेला. ज्यांची न पेटणाऱ्या फिल्मवर आधीच प्रत झाली होती ते चित्रपट राहिले, बाकीच्यांची नावं.

त्या न पेटणाऱ्या फिल्मचीही एक गंमत आहे. तिला 'सेफ्टी फिल्म' म्हणत. १९४८ मध्ये कोडॅकने तिचा सुधारलेला प्रकार आणला, आणि दहा वर्षांच्या आत ती सडत असल्याची पहिली तक्रार आली ती भारत सरकारकडून! आपल्या गरम दमट हवेत तिचं ॲसिटेट फुटून व्हिनेगरचा वास यायला लागतो, फिल्म आक्रसते, वेडीवाकडी होते. रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेतली शंभर वर्षं आपल्या हवेत किती भरतात हे तेव्हाच कळलं होतं म्हणायचं.

मग "टिकणारी वस्तू" विकणाऱ्यांचं पुढे काय झालं? मोझर बेअर ही आपली कंपनी फ्लॉपीपासून सुरू करून सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांत गेली होती. २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. रंगद्रव्याऐवजी दगडासारखा थर वापरून हजार वर्षं टिकणारी 'एम-डिस्क' काढणारी अमेरिकन कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. तबकड्या चांगल्या आहेत, दुसऱ्या कंपन्या त्या बनवत राहिल्या, पण हजार वर्षांचं वचन देणारी कंपनी दहा वर्षंही टिकली नाही हे खरं. सोनीने फ्लॉपी २०११ मध्ये थांबवली आणि लिहिण्याच्या ब्लू-रे तबकड्या २०२५ मध्ये. आता नवीन लॅपटॉपला सीडीची फटच नसते.

महाजालावर ठेवलं की सुटलो, असं भाचेकंपनीला वाटतं. त्यांना ऑर्कुट आठवत नाही, मला आठवतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. याहू फोटोज २००७ मध्ये गेलं, जिओसिटीज २००९ मध्ये, पिकासाचे अल्बम २०१६ मध्ये. मायस्पेसने २०१९ मध्ये सांगितलं की विदागार हलवताना लोकांचे जुने फोटो आणि गाणी गेली, क्षमस्व. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. महाजालावर एक प्रत जरूर असावी. पण तिथे आपण भाडेकरू आहोत आणि भाडेकरार त्यांनी लिहिलेला आहे.

पेन ड्राइव्हबद्दलही विचारलं गेलं. त्यात विदा विजेच्या भाराच्या रूपात अडकवून ठेवलेला असतो आणि तो भार हळूहळू गळतो. नेआण करायला उत्तम, कपाटात दहा वर्षं ठेवायला नाही. हार्ड डिस्क फिरणारं यंत्र आहे, कधीतरी बंद पडणारच, पण स्वस्त आहे आणि प्रत करायला सोपी आहे. माझी निवड तीच.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकातून रूढ केलेला ३-२-१ असा एक नियम आहे. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. शेवटच्या आकड्याची किंमत मुंबईकरांना २६ जुलै २००५ ला कळली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तळमजल्यावरच्या घरांत अल्बम, निगेटिव्ह आणि संगणक एकाच पाण्यात गेले. आमच्या एका आत्याकडे लग्नाचा अल्बम आजही पानं चिकटलेला आहे.

प्रती करताना त्या बरोबर झाल्या का हेही तपासायला हवं. संगणक प्रत्येक फाइलवरून एक लांबलचक आकडा काढून देऊ शकतो. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी आकडा बदलतो. दरवर्षी तो ताडून पाहायचा. याचा विचार करताना मला घनपाठी वैदिक आठवले. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे शब्द उलटसुलट म्हणायचे, म्हणजे एखादा स्वर चुकला तर तिथल्या तिथे पकडला जातो. लिहून न ठेवता इतका मजकूर इतकी शतकं नेण्यात या तपासणीचा मोठा वाटा आहे.

आता आजीची सीडी. २००४ मध्ये माईने तिची एक नक्कल करून न्यू जर्सीला बहिणीकडे पाठवली होती, कारण तिला कार्यक्रमाला येता आलं नव्हतं. बहिणीने ती २०१० च्या आसपास हार्ड डिस्कवर उतरवली, ती डिस्क पुढे दुसऱ्या डिस्कवर गेली. घरं दोन बदलली, संगणक चार. १८६ फोटो जसेच्या तसे आले, साधे जेपेग, कुठल्याही यंत्रावर उघडणारे. माळ्यावर 'शंभर वर्षांची' म्हणून जपलेली मूळ सीडी मात्र नुसती गरगर फिरते.

फोटो मिळाल्यावर नवीन अडचण. 'डीएससी००४१२' या फाइलमध्ये आजीच्या उजवीकडे बसलेल्या नऊवारीतल्या बाई कोण? आम्हा भावंडांत कुणालाच माहीत नाही. माई आता ८४ वर्षांची आहे. गेले तीन रविवार मी तिच्यासमोर लॅपटॉप ठेवून एकेक फोटो दाखवते आणि ती सांगेल ते नाव फाइलच्या आतच लिहून ठेवते, म्हणजे फोटो जिथे जाईल तिथे नाव बरोबर जाईल. त्या बाई निघाल्या आजीच्या चिपळूणच्या मैत्रीण, खास त्या दिवसासाठी आलेल्या. अजून दोनशेच्या वर चेहरे बाकी आहेत. माईला दुपारी चारनंतर बरं वाटतं, ज्यांना यायचं असेल त्यांनी तेव्हा या.

सध्याची व्यवस्था अशी. एक डिस्क माझ्याकडे पुण्याला, एक इंदूरला दादाकडे, तिसरी प्रत महाजालावर, तिचा परवलीचा शब्द तिघांकडे. डिस्क दर पाच वर्षांनी चालू असतानाच बदलायच्या, बंद पडायची वाट पाहायची नाही. दिवाळीला दादा येतो तेव्हा दोन्ही ताडून पाहू.

न वाचल्या गेलेल्या दोन सीड्या अजून उरल्या आहेत. एकीवर 'गणपती २००३' असं लिहिलं आहे आणि दुसरीवर नुसतंच 'छोटूची मुंज', साल नाही. त्या वेळी बऱ्याच जणांनी नकला नेल्या होत्या. कपाटात, जुन्या संगणकात, कुठेही असतील तर मला फोन करा, मी येऊन घेऊन जाईन.